ट्रक रेल्वेवर चढवून पाठवावा का? (कोलाड–सुरतकल रोरो)

तीनगाड्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

कळंबोलीला माझ्या तीन दहाचाकी आहेत. दोन माझ्या, एक बँकेची (हप्ते संपेपर्यंत बँकेचीच म्हणायची). लोखंड बाजारातून पत्रा नाहीतर सळई भरायची आणि मंगळूर-उडुपी पट्ट्यात टाकायची, ही वडिलांपासूनची लाइन. परतीला मिळालं तर काजू, लाकूड, काहीबाही. नाही मिळालं तर रिकामी.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून मेल आली, सोबत एक्सेल. गाडी नंबर, किलोमीटर, टन, डिझेल, बीएस कितवी (इंजिनाच्या धुराचा सरकारी टप्पा), आणि शेवटचा रकाना 'उत्सर्जन, किलो'. तिथल्या पोराला फोन लावला. म्हटलं, बाबा, हे शेवटचं मी कुठल्या वजनकाट्यावर मोजू? तो म्हणाला, काका, तुम्ही डिझेल भरा, बाकी आपोआप निघतं. मग हळूच म्हणाला की पुढच्या वर्षी रेट ठरवताना साहेब हा रकाना बघणार आहेत.

आता नवी गाडी घ्यायची ऐपत नाही. म्हणून विचार आला की कोलाडला गाडी रेल्वेवर चढवावी आणि मंगळूरजवळ सुरतकलला उतरवावी. वडील हयात असताना एक-दोनदा पाठवली होती, पण तेव्हा मी कॉलेजात होतो, हिशेब कुणी लिहून ठेवला नाही. कुणी नियमित पाठवतं का? खरंच परवडतं का? आणि त्या रकान्यात काही फरक पडतो का?

रुळाचा_माणूस

धाग्याबद्दल आभार, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. रेल्वेच्या परिचालन विभागात हयात गेली, आता निवृत्त.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकण रेल्वेची रोरो (रोल-ऑन रोल-ऑफ) २६ जानेवारी १९९९ ला सुरू झाली, आधी कोलाड ते वेर्णा, पुढे सुरतकलपर्यंत. एका टोकाच्या रॅम्पवरून भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढतात आणि एकामागोमाग पूर्ण रेकभर (वॅगनच्या अख्ख्या रांगेवरून) पुढे चालत जातात. चाकांना गुटके, साखळ्या. ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये. जो पहिला चढला तो पहिला उतरतो. क्रेन लागत नाही, माल उतरवून भरायचा नाही, वराई (चढ-उताराची मजुरी) नाही. २०२५ च्या गणपतीत मोटारींसाठी जी रोरो सुरू केली तिचा गाजावाजा झाला, पण ट्रकवाले तिच्या आधी पंचवीस वर्षं हे करताहेत.

आता तुमच्या रकान्याकडे. रबरी टायर रस्त्यावर लोळतो तेव्हा दर फेऱ्याला दबतो, फुगतो, त्यात ताकद जाते. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळपास दबतच नाही. तेवढंच वजन सपाटीवर ओढायला रुळावर रस्त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा जोर पुरतो. शिवाय मार्च २०२२ मध्ये रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा सगळा ७४१ किलोमीटर मार्ग विजेवर आला. म्हणजे तुमचं डिझेल वाचतं आणि रेल्वेचंही जळत नाही.

पण टाळ्या वाजवण्याआधी दुसरी बाजू. दहाचाकीचं भरलेलं पासिंग २८.५ टन, त्यात माल अठरा-साडेअठरा. खाली वॅगन वीस-बावीस टनांची. म्हणजे अठरा टन पत्रा हलवायला इंजिन पन्नास टन ओढतं. कोलाड–सुरतकल सुमारे ७२० किलोमीटर. हजार ग्रॉस टन-किलोमीटरला (एकूण वजन गुणिले अंतर) विजेची १० युनिट धरतो (जरा सढळ धरलेत, घाट-बोगद्यांची लाइन आहे). ५० गुणिले ७२० म्हणजे ३६ हजार, म्हणजे ३६० युनिट. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. झाले २५० किलो.

रस्त्याने जा. ७५० किलोमीटर, लिटरला पावणेचार, २०० लिटर. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो. झाले ५३६. म्हणजे रोरोने निम्म्याहून कमी. रकान्यात फरक पडतो, चांगला पडतो.

स्टेपनी

मोबाइलवरून टंकतोय, चुका माफ.

मी बावीस वर्षं गाडी चालवली, त्यातली सहा-सात कोकण लाइनला. रोरोवर कितीतरी वेळा गेलोय. शहाण्या लोकांनी कार्बन मोजला, मी झोप मोजतो. घाटात हात भरून येतात, रात्री समोरचा अपर मारत येतो, वर आपल्या त्या मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालूच आहे. रोरोवर मी बारा-बारा तास झोपलोय. उतरलो की डोकं ताजं. सावंतवाडीच्या पुढे पहाटे डोळा उघडला आणि गाडी माझ्याशिवाय चाललीय, पहिल्या वेळी तर दचकून ब्रेकच दाबला होता!

पण मालकांनो, एक गोष्ट लक्षात घ्या. काही जण रोरोने पाठवलं की ड्रायव्हरचा भत्ता कापतात, "तू काय केलंस, झोपला तर होतास" म्हणून. मग ड्रायव्हर कशाला राजी होईल? तो शंभर कारणं सांगेल, रेक भरली होती, माप बसलं नाही. भत्ता पूर्ण द्या, मग बघा.

आणि ताडपत्रीचं काम कोलाडच्या आधीच उरकायचं. रेकवर चढल्यावर गाडीच्या छताकडे बघायचंसुद्धा नाही. वर २५ हजार व्होल्टची तार आहे, हात लावायची गरज नाही, जवळ गेलं तरी ओढून घेते.

रुळाचा_माणूस

@स्टेपनी, शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. तारेमुळेच उंचीचं माप कडक असतं. पत्रा-सळई बुटका माल, धागाकर्त्याला अडचण नाही. कापूस, भुसा, उंच कंटेनर बॉडी असले प्रकार अडतात.

हिरवा_कंदील

माफ करा, पण रोरो म्हणजे जुन्या दुखण्यावर जुनाच लेप वाटतो. डिझेल ट्रक आहे तसाच ठेवून फक्त त्याची पालखी करायची. जग विजेच्या ट्रकांकडे चाललंय. न्हावाशेव्याच्या जेएनपीए बंदरात बॅटरी बदलता येणारे विजेचे ट्रक आले, चाकणला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) ट्रकचा कारखाना २०२२ पासून आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकला ९.६ लाखांपर्यंत अनुदान मिळतं. धागाकर्त्यांनी तिकडे पाहायला हवं.

तीनगाड्या

@हिरवा_कंदील, पाहिलं हो. कमाल आकडा सरसकट मिळत नाही, गाडीच्या वजनाप्रमाणे बदलतो. शिवाय जुना डिझेल ट्रक मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. माझी सर्वांत जुनी गाडी अजून घर चालवते, ती मोडू कशी? आणि अनुदान वजा करूनही गाडीची किंमत ऐकून बायकोने चहा खाली ठेवला.

बंदरातलं मला पटतं. गाडी दिवसभर चार-पाच किलोमीटरच्या आत फिरते, संध्याकाळी त्याच जागी येते, बॅटरी तिथेच बदलते. माझी गाडी कणकवलीच्या पुढे रात्री दीडला उभी राहिली तर बॅटरी कोण आणून देणार?

बीएस-६ घेतली तेव्हाही हेच सांगितलं होतं की हवा स्वच्छ. झाली असेल. मला मात्र डिझेलबरोबर युरियाची टाकी भरायची सवय लागली आणि सेन्सर बिघडला की गाडीची ताकदच जाते, मग लॅपटॉपवाला मेकॅनिक शोधत फिरा. आधी पान्यावर भागत होतं.

राईनकाठी

मी फ्रायबुर्गजवळ राहतो, मूळ चिपळूणचा, म्हणून या धाग्यावर उडी. आमच्या इथूनच अशीच रोरो सुटायची: फ्रायबुर्ग ते इटलीतलं नोव्हारा, स्वित्झर्लंडमधून आल्प्स ओलांडून. अख्खा ट्रक, वॅगन बुटक्या, ड्रायव्हर मात्र वेगळ्या डब्यात. सरकार पैसे ओतत होतं. तरी २०२५ च्या अखेरीस ती बंद करायचा निर्णय झाला, ठरलेल्या मुदतीच्या आधीच. खर्च भागेना.

पण म्हणून स्विस लोक रस्त्यावर परतले असं नाही. १९९४ च्या सार्वमतात त्यांनी ठरवलं की देश ओलांडणारा माल रुळावर गेला पाहिजे. २००१ पासून जड वाहनांना वजन गुणिले अंतर असा कर आहे, रात्री दहा ते पहाटे पाच ट्रकला बंदी, आणि त्याच पैशातून गोटहार्डसारखे बोगदे खणले. त्यांनी सोडलं ते ट्रकचं इंजिन आणि ड्रायव्हर रेल्वेवर नेणं. आता नुसता ट्रेलर किंवा कंटेनर चढतो, पलीकडच्या टोकाला दुसरा ड्रायव्हर दुसरं इंजिन घेऊन उभा असतो. रुळाचा_माणूस यांनी जो पन्नास टनांचा हिशेब मांडला, त्यातलं मेलेलं वजन त्यांनी कमी केलं.

जर्मनीत डिसेंबर २०२३ पासून ट्रकच्या टोलमध्येच कार्बनची रक्कम धरतात, टनाला २०० युरो. इथल्या ट्रान्सपोर्टरांची तोंडं तेव्हा पाहण्यासारखी होती.

रुळाचा_माणूस

राईनकाठी, मुद्दा बरोबर, पण आपल्याकडे तीन गाड्यांचा मालक मंगळूरला दुसरं इंजिन आणि दुसरा ड्रायव्हर कुठून उभा करणार? दहाचाकीची बॉडी चासीवरच ठोकलेली. ट्रेलर वेगळा निघतो तो मोठ्या कंपन्यांचा.

तसं म्हटलं तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वच्छ म्हणजे पत्रा थेट वॅगनमध्ये भरणं. वीस-बावीस टनांच्या वॅगनमध्ये साठ टन बसतो. पण रेक भरायला दोन-अडीच हजार टन हवा. कळंबोलीच्या व्यापाऱ्याकडे पाठवायचा असतो अठरा टन. रोरो ही त्या अठरा टनवाल्याची रेल्वे आहे, असं मी नोकरीत असतानाही म्हणायचो. पश्चिमेच्या मालवाहू मार्गावर न्यू रेवाडी ते न्यू पालनपूर अशी ट्रक नेणारी गाडी सुरू झाली, दुधाचे टँकर त्यावर जातात, तीही याच घराण्यातली.

कांदा_आणि_मी

निफाडकडचा आहे, विषय आमच्याही अंगणातला. रेल्वेचा आम्हाला जेवढा अनुभव तेवढा कुणालाच नसेल. ७ ऑगस्ट २०२० ला पहिली किसान रेल आमच्या देवळालीहून बिहारच्या दानापूरला सुटली. भाड्यात निम्मी सवलत. अट नाही, चार क्रेट असले तरी घ्यायचे. शंभरावी त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून शालिमारला. डाळिंबवाल्यांनी पेढे वाटले होते. पुढे सवलत गेली आणि गाड्या आटल्या.

उलट ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीला कांद्याची पूर्ण रेक गेली, १६०० टन. तेव्हा सांगितलेला हिशेब वहीत टिपून ठेवलाय: ५६ ट्रकांचा कांदा रेल्वेने ७० लाख २० हजारांत, रस्त्याने ८४ लाखांत. रेकमागे पावणेचौदा लाखांच्या वर वाचले. पण तो कांदा सरकारी साठ्यातला. एकाच मालकाचा, एकाच गावी जाणारा. आमचा शंभर जणांचा शंभर बाजारांत जातो.

माझं मत विचाराल तर रूळ कधीच महाग नसतो. महाग असतो रुळापर्यंतचा आणि रुळानंतरचा तुकडा. दोनदा हमाली, दोनदा छोटा हत्ती, आणि त्यात कांद्याची सालं निघतात ती वेगळीच. रोरोत तो तुकडा नाही, हेच तिचं बळ.

नाक्यावरचा_नाना

अवांतर, पण राहवत नाही. तंत्रज्ञानाने काय वाचलं याचा मी साक्षीदार आहे. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि मुंबईचा जकात नाका बंद पडला. आधी मुलुंडला गाड्यांची रांग कशी लागायची ते आठवा. मग २०१८ च्या एप्रिलपासून ई-वे बिल (मालाबरोबरचा ऑनलाइन काढायचा कागद), २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा. नाक्यावरचे तास मिनिटांवर आले. कंटेनरला तर २०१६ पासून न्हावाशेव्यातच टॅग लागतो, माल कुठे आहे ते कारखानदाराला घरबसल्या दिसतं.

आणि हे सगळे वाचलेले तास गेले कुठे? कारखान्याच्या गेटवर. गाडी अकराला पोचते, "साहेब जेवायला गेलेत". मग "काटा बंद आहे". मग "आज जागा नाही, उद्या". रस्ता हुशार झाला, गेट तिथल्या तिथेच.

तीनगाड्या

नाना, लाखातलं बोललात. ई-वे बिलावरून एक विचारतो: रेक भरेपर्यंत थांबावं लागलं तर बिलाची मुदत संपणार नाही का?

नाक्यावरचा_नाना

नाही संपत. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस धरतात. तुमचं अंतर नऊशेच्या आत, पाच दिवस मिळतात. तरी अडलंच तर मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा नंतर वाढवून घेता येते. पावसाळ्यात मात्र जास्त धरा. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा लाइन जवळपास दिवसभर बंद होती.

हिरवा_कंदील

रुळाचा_माणूस यांच्या आकड्यांवर एक शंका. तुम्ही एकच फेरी धरलीत. धागाकर्ते म्हणतात परतीला माल नसेल तर गाडी रिकामी येते. ते कुठे मोजलं?

रुळाचा_माणूस

बरोबर पकडलंत, मोजलंच नव्हतं. आता मोजतो. रिकामी दहाचाकी लिटरला साडेपाच देते असं धरू. ७५० किलोमीटर, १३६ लिटर, ३६५ किलो.

जाताना रोरोने वाचले ५३६ वजा २५०, म्हणजे २८६. आणि रिकामं परतताना जळतात ३६५. म्हणजे रोरोने जेवढं कमावलं त्याहून जास्त रिकामी बॉडी हवा खात परत येताना घालवते. इतकी वर्षं मीही हे शेजारी-शेजारी मांडून पाहिलं नव्हतं.

स्टेपनी

रिकाम्या गाडीचा आवाज वेगळा असतो. फाळके खडखडतात, पाटे उडतात. मालक फोनवर ओरडत असतो ते वेगळंच.

परतीचा माल मिळवायला ॲप आलेत भरपूर. पण तिथे रेट एवढा पाडतात की डिझेल सुटत नाही. आणि दलाल अजून तिथेच आहे, फक्त वहीऐवजी फोन घेऊन बसलाय.

तीनगाड्या

(बऱ्याच दिवसांनी येतोय, माफी असावी.)

पाठवली. १८ टन पत्रा, कोलाड ते सुरतकल. आदल्या रात्री पोचलो, सकाळी वजन-माप झालं, चढवली. ड्रायव्हरला भत्ता पूर्ण दिला (स्टेपनी, तुमच्या सांगण्यावरून). त्याचा सकाळी फोन, "मालक, पोचलोसुद्धा". डिझेल, टोल, टायरची झीज धरून जे वाचलं ते रेल्वेचं भाडं देऊन थोडं उरलं. फार नाही, पण गाडी सातशे किलोमीटर कमी चालली, ते नफ्यातच धरतो. भाड्याचा आकडा इथे टाकत नाही, वजनाच्या टप्प्याप्रमाणे बदलतो, ताजा दर विचारून घ्या.

आणि मग? जिथे माल उतरवायचा होता त्या गेटवर गाडी ३१ तास उभी. आधी कागद, मग क्रेन, मग रविवार. नाव घेत नाही, पुढच्या महिन्यातही तिथेच जायचंय. रेल्वेने जी रात्र वाचवून दिली तिच्यावर आणखी एक दिवस घालून त्यांनी परत घेतला. या ३१ तासांत काजूची परत भरती हुकली आणि गाडी गोव्यापर्यंत रिकामी आली. तिथे थोडा माल मिळाला.

आल्यावर एक्सेल उघडली. डिझेल भरलं, शेवटच्या रकान्यात आकडा छान खाली आला. मग रुळाचा_माणूस यांचा ३६५ डोळ्यांसमोर आला. म्हटलं, खरं लिहू. 'रिकामे किलोमीटर' आणि 'गेटवर थांबलेले तास' असे दोन रकाने शेजारी जोडायला गेलो, तर शीट लॉक.

पोराला फोन केला. तो म्हणाला, काका, रिकामी गाडी आमच्या खात्यात धरत नाहीत, माल उतरला की आमची फेरी संपली. मी म्हटलं, मग ती कुणाच्या खात्यात? तो हसला. भला पोरगा आहे, म्हणाला, शेऱ्यात लिहा, मी साहेबांना दाखवतो.

राईनकाठी

लिहिलंत का?

नाक्यावरचा_नाना

शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरणाचे असले अहवाल सक्तीचे केलेत, म्हणून ही धावपळ. शेरा वाचणार कोण? तरी लिहाच.

तीनगाड्या

लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात पन्नासच अक्षरं बसतात. "गेटवर ३१ तास. गोव्यापर्यंत रिकामी." एवढं मावलं.

पुढच्या सोमवारी दुसरी गाडी कोलाडला लावतोय. मंगळूरहून बुधवार-गुरुवारी मुंबईकडे कुणाचा १५-१८ टन माल असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दलाल नको.